काकू हायेत की

माझ्या अंगात ताकद आल्याचं सगळ्यात आधी आमच्या म्हशीला कळलं. मार्गशीर्षातली सकाळ होती. मी तिला गोठ्यातून सोडून हौदाकडं नेत होते आणि ती नेहमीसारखी वाटेत अडून उभी राहिली, कारण शेजारी उसाच्या शेंड्यांचा ताजा ढीग पडला होता. मी कासरा ओढला, रोज ओढते तेवढाच. म्हैस चारी पाय रोवून उभी होती, ती तशीच, एकही पाय न उचलता, फरशीवरून घसरत माझ्यापर्यंत आली. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. त्या दिवशी तिनं पान्हा सोडला नाही आणि नंतरही माझ्या हाताला कधी सोडला नाही. तेव्हापासून धार आमचे मालकच काढतात.

त्याच दिवशी न्हाणीतल्या नळाची तोटी माझ्या हातात आली. मग कपाचा कान, मग कपाटाची मूठ. संध्याकाळी गॅसची भरलेली टाकी जरा बाजूला सरकवायला गेले तर ती समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली आणि गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला. मालक धावत आले. त्यांनी भिंत बघितली, टाकी बघितली, मग मला बघितलं.

"वास येतोय का गॅसचा?" एवढंच त्यांनी विचारलं.

माझा नवरा असा आहे. आधी काय फुटलं ते बघतो, मग कोणी फोडलं ते. एका अर्थी बरंच आहे.

मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. गुडघे कुरकुरत होते, कमरेला पट्टा होता. या वयात बायकांना साखर होते, बीपी होतो, मला हे झालं. बारामतीला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आपली दोन बोटं पुढं करून "दाबा जोरात" म्हटलं आणि मी दोन्ही हात पदराखाली घातले. मग रक्त तपासलं, फोटो काढले. रिपोर्ट चाळून ते म्हणाले, "बी-ट्वेल्व्ह कमी आहे, बाकी काही नाही." मी महिनाभर गोळ्या खाल्ल्या. बी-ट्वेल्व्ह वाढलं असेल, बाकी होतं तसंच राहिलं.

लोकांना एक गोष्ट आजवर समजावून सांगता आलेली नाही. ताकद आली ती नुसती हातांत. कंबर जुनीच, गुडघे जुनेच. हातांनी डोंगर उचलावा आणि नंतर आठ दिवस तेल लावून भिंतीला टेकून बसावं, असा सगळा कारभार. पण उचलताना बघायला सगळा गाव असतो, टेकून बसताना कोणी नसतं.

आमची वस्ती सांगवीच्या अलीकडं, उसातून गेलेल्या एका कच्च्या रस्त्यावर आहे. हा रस्ता पुढं ओढ्यावरच्या एका मोरीवरून डांबरीला लागतो. सगळ्या वस्तीचा ऊस याच वाटेनं कारखान्याला जातो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एक रीत बघत आले होते. गाळप सुरू व्हायच्या आधी रस्त्याकडेच्या प्रत्येक घरानं एक-एक ट्रॉली मुरूम आणायचा, सगळ्यांनी मिळून खड्डे भरायचे, मोरीच्या तोंडाशी दगड बसवायचे. त्या दिवशी एका घरी सगळ्यांचं पिठलं-भाकरी असायचं. भांडणारे भाऊही त्या दिवशी शेजारी शेजारी घमेली टाकायचे.

पहिली ट्रॉली मी उचलली तेव्हा मुरूम पडलेला होता, पण वरच्या शेताचं पाटाचं पाणी फुटून मोरीजवळ चिखल झाला होता. उसानं भरलेली ट्रॉली तिथं आसापर्यंत रुतली. दुसऱ्या ट्रॅक्टरचं टोचन लावलं, तर साखळी तुटली. ड्रायव्हर, तोडकरी, वस्तीवरची दहाबारा माणसं, सगळे कमरेवर हात ठेवून उभे. मी मालकांची भाकरी घेऊन पलीकडच्या रानात निघाले होते आणि मला जायला वाट नव्हती. ऊन तापलेलं, डोक्यावर पाटी. मला राग आला. खरंच सांगते, मदत वगैरे काही मनात नव्हतं, मला फक्त पलीकडं जायचं होतं.

"सरका बरं जरा," म्हटलं, पाटी खाली ठेवली आणि ट्रॉलीला मागून हात लावला.

ट्रॉली वर आली, मोरी ओलांडून डांबरीवर गेली आणि ट्रॅक्टरला ढकलत दहा पावलं पुढं जाऊन थांबली. ड्रायव्हरनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. वस्तीवरचे सगळ्यांत वडीलधारे गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते पुढं आले आणि माझ्यावरच चिडले.

"आगं, ह्ये आधी का न्हाय सांगितलंस? सकाळधरनं आमी हितं मरतोय!"

जसं काही मी वीस वर्षं लपवून ठेवलं होतं.

तिथून माझ्यामागं शुक्लकाष्ठ लागलं. सकाळी चहा उकळायच्या आत फोन. "काकू, जरा या की, चाक गेलंय." "काकू, विहिरीतली मोटर वर यीना." कोणाच्या शेडचा पत्रा, कोणाच्या दारातली शिळा, एकाच्या मळणी यंत्राचं काय तरी. हळूहळू मोरगावकडची माणसं यायला लागली, एसटीनं उतरून पत्ता विचारत. तिकडं ऊस नाही, पण विहिरीत बकरी पडते, बोअरचे पाइप अडकतात. नाही म्हटलं की चेहरा असा करायचे की मीच त्यांचं काही हिसकावून घेतलंय. आणि मला मेलीला नाही म्हणता यायचं नाही. ऊन असो, ताप असो, पदर खोचून जायची.

काम झालं की माझी ओटी भरायचे. खण, नारळ, मूठभर गहू, हळदकुंकू. थोरल्या बायकासुद्धा वाकून पाया पडायच्या, त्यानं मला कानकोंडं व्हायचं. ब्लाऊजपिसांनी एक अख्खी ट्रंक भरली. एकही पीस अंगाला होईल असं नव्हतं. "हाताला देवीनं गुण दिलाय," बायका म्हणायच्या. मी म्हणायचे, मग देवीनं कंबरपण बदलून द्यायची होती.

माझी एकुलती मुलगी पळसदेवला दिली आहे, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याच्या कडेला. तिच्या सासरी पेरूच्या बागा आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, ते बघायला ये म्हणून ती दरवर्षी बोलवायची. दोन उन्हाळे मी निघायची तयारी केली आणि दोन्ही वेळा दारात कोणीतरी उभं. दुसऱ्या वेळी तर मी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर गेले होते, तिथून मला मोटरसायकलवर बसवून परत आणलं, कोणाची तरी मोटर विहिरीत पडली म्हणून. मुलीला फोनवर सांगितलं. "बरं," म्हणाली आणि ठेवला.

यंदाच्या दिवाळीनंतर एक दिवस माझ्या लक्षात आलं की गाळप आठ दिवसांवर आलंय आणि रस्त्यावर मुरमाचा एकही ढीग नाही. मोरीचा एक कठडा पावसात वाहून गेलेला, तोही तसाच. मी आबांना विचारायला गेले. ते ओट्यावर बसून कान कोरत होते.

"आबा, औंदा मुरूम कवा टाकायचा?"

"कशाला?" ते म्हणाले. "काकू हायेत की."

मी त्यांच्यासमोर उभी, आणि ते माझ्याबद्दल मलाच असं सांगत होते. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, उलट कौतुकच होतं. वस्तीनं मिळून ठरवलं होतं म्हणे, की एवढी सोय असताना डिझेल कशाला जाळायचं. ड्रायव्हरही गेल्या हंगामापासून ट्रॉल्या दीडपट भरत होते. मी घरी आले आणि मालकांवर ओरडले, कारण ओरडायला तेवढंच माणूस हाताशी होतं.

एवढं सगळं सोसलं असतं, पण या ताकदीनं माझं एक काम हिरावून घेतलं होतं आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आधी माझे हात हलके होते. वस्तीवरच्या अकरा पोरांना मी पहिली अंघोळ घातली आहे. नाळ पडली की बाळंतिणीची सासू मला बोलवायला यायची. पाटावर पाय पसरून बसायचं, बाळ पायांवर घ्यायचं, तेल जिरवायचं, मान सांभाळून पाणी घालायचं, नाक ओढायचं, धुरी द्यायची. रडकं पोरही माझ्या पायांवर झोपायचं. आता त्याच हातांत भाकरी थापताना फाटत होती. हातातल्या काचेच्या बांगड्या दोनदा फुटल्यावर मी बांगड्या घालायच्याच सोडल्या. कोणाचं लेकरू समोर आलं की मी हात मागं बांधून लांबूनच हसायची.

आणि मुलीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, माझ्याकडं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. लोकांच्या ट्रॉल्या उचलताना मी मनात ते बाळ धरून बघायची. जावयांनी पेरूची एक क्रेट पाठवली होती. त्यातला पिकून मऊ झालेला पेरू घ्यायचा, बादलीत कोमट पाण्यात धरायचा, तेल लावायचं, चोळायचं, आणि वर काढून बघायचं की बोटं उमटली का. रोज दुपारी न्हाणीची कडी लावून मी हे करायची. पहिल्या आठवड्यात सगळ्या पेरूंचा लगदा झाला. महिन्याभरानं पाचातले चार नीट राहायला लागले. चार, असं मी स्वतःला सांगायची, आणि मग पाचवा डोळ्यांसमोर यायचा.

बारामतीच्या दवाखान्यात नात झाली. कापडात गुंडाळून नर्सनं तिला माझ्यासमोर धरलं. "घ्या आजी," ती म्हणाली. एवढासा जीव, लाल, मिटलेल्या मुठी. माझे हात पुढं आलेच नाहीत. "हात गार हायेत माझे," मी म्हणाले आणि मालकांनी तिला घेतलं. मुलगी खाटेवरून बघत होती.

घरी आल्यावर मी सगळं केलं. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शेगडी, पाण्याची भरलेली हंडी एका हातानं उचलून न्हाणीत. बाळाला मात्र हात लावला नाही. दुपटं बदलायचं असलं की मला नेमकं चुलीवरचं काहीतरी आठवायचं. नाळ पडली त्या दिवशी मुलगी खाली बघत म्हणाली, "आई, बारामतीत एक मालीशवाली बाई हाय. सकाळची यील. तुलाबी दगदग नको."

"बरं झालं," मी म्हणाले.

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरलं याचंच मला फार वाईट वाटलं. मी गोठ्यात जाऊन थोडा वेळ बसले.

ती बाई चांगली होती. स्कूटीवर यायची, हात चटपटीत. ती पाटावर बसायची आणि मी पाणी काढून द्यायची. नात तिच्या पायांवर रडायची. पान्हा येतो तसं काहीतरी माझ्या बोटांत यायचं आणि मी ती बोटं तांब्याभोवती आवळून धरायची. त्या आठवड्यात तीन तांबे चेपले.

सातव्या दिवशी सकाळी पाणी तापलं, शेगडी पेटली, तेल कोमट झालं आणि बाईचा पत्ता नाही. मग तिचा फोन आला. मोरीवर ट्रॉली आडवी झाली होती, पडलेल्या कठड्याकडून चाक खाली गेलेलं, उसाच्या मोळ्या रस्ताभर. स्कूटी पलीकडंच अडकली होती. तिचा फोन ठेवते न ठेवते तोच ड्रायव्हरचा फोन. "काकू, लवकर या, लय ट्राफिक झालंय." दारात आबांनी पाठवलेला एक गडीही येऊन उभा.

मी पदर खोचला. मला हायसं वाटलं, आता हे का लपवू. नातीला भूक लागली होती, ती रडत होती, तेल लावून उघडी ठेवली तर गारठली असती. आणि मला करायला असं काम मिळालं होतं जे मला येत होतं.

"मी आत्ता जाऊन ट्रॉली काढते," मी मुलीला म्हणाले. "अर्ध्या तासात बाई यील, तवर पोरीला गुंडाळून ठेव."

मुलगी बाळाला घेऊन दारात आडवी आली. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं. इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी आवाज चढवून बोलली नव्हती.

"ट्रॉलीला तू, आन् माझ्या पोरीला भाड्याची बाई?"

"आगं, माझे हात बघ की! काय झालं म्हंजी?"

"मला म्हायतेत तुझे हात," ती म्हणाली. "बाई मी का लावली? तू पोरीकडं बघतबी न्हवतीस म्हून लावली. मला वाटलं तू भांडशील. म्हणशील, आपल्या नातीला परकी बाई कशाला. तर तू म्हणालीस बरं झालं. साऱ्या मुलखाला तुझे हात चालत्यात, आई. आमीच न्हाय लागत तुझं कोण."

गडी दारात उभा होता. मालक त्याच्या खांद्याला धरून त्याला अंगणाबाहेर घेऊन गेले. काय सांगितलं कोण जाणे.

मी न्हाणीत जाऊन पाटावर बसले. पाय पसरले. मुलीनं नातीला माझ्या नडग्यांवर ठेवलं आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उकिडवी बसली. मी तिला म्हटलं, "मान तू धर." ती म्हणाली, "न्हाय, तूच धर." मी हात दोनदा पदराला पुसले. इतक्या ट्रॉल्या उचलल्या, कधी असे पुसले नव्हते. मी श्वास धरूनच तेल लावलं, पाठीला, मांड्यांना, तळपायांना. वजन म्हणावं तर काहीच नव्हतं. बाहेर फोन वाजत होता, मोरीकडून हॉर्न ऐकू येत होते आणि मी आयुष्यातलं सगळ्यात अवघड ओझं पायांवर घेऊन बसले होते. मध्येच तिनं एकदम अंग ताणलं, पायावरून घसरली, आणि मी दंडाला धरलं.

धरलं, आणि लगेच सोडलं. ती कळवळून रडली. मग आपोआप थांबली. मुलगी पाणी घालत राहिली.

अंघोळ झाली, धुरी झाली. पुसताना मला दिसलं. डाव्या दंडावर माझ्या अंगठ्याची लाल खूण, बोरीच्या पानाएवढी. मुलीनंही ती बघितली. ती आता काय बोलेल याची मी वाट बघत होते, आणि जे बोलेल ते बरोबरच असणार होतं. तिनं त्यावर बोट फिरवून बघितलं, दंड वाकवून सरळ केला, झबल्याची बाही खाली ओढली आणि नातीला पाजायला घेतलं.

मोरीवरची ट्रॉली दुपारी दोनला निघाली. वस्तीनं हातानं अर्धा ऊस उतरवला, दोन ट्रॅक्टर लावले, चाकाखाली दगड टाकले. संध्याकाळी आबा फणफणत आले. मी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "आबा, माझ्या घरात सव्वा महिना बाळंतीण हाय. मुरूम टाका." ते चहा न पिता गेले. दोन घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे, ते अजून सोडलेलंच आहे.

त्या रात्री मी तीनदा नातीची बाही वर करून बघितली. खूण पुसट होत गेली, पण माझ्या डोक्यातली जाईना. हळू धरलं होतं का, जोरात धरलं होतं का, काही आठवेना. सकाळी उठल्यावर मी न्हाणीकडं फिरकलेच नाही. बाईला बोलवायचं ठरलं असेल, असं धरून मी गोठ्यात गेले आणि झाडलेलाच गोठा पुन्हा झाडायला लागले. स्कूटीचा आवाज येतो का ते ऐकत होते. ऊन अंगणात आलं तरी आला नाही.

मग आतून मुलीची हाक आली, रोजच्याच आवाजात, थोडी वैतागलेली.

"आई, पाणी निवतंय. किती वाट बघायची पोरीनं?"

मी खराटा ठेवला, हात धुतले आणि गेले.